जुनीच गोळी

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांमध्ये गोळी ओळखली जाते ती तिच्या कामावरून. साखरेची गोळी, प्रेशरची गोळी, वाताची, झिणझिण्यांची, झोपेची. पट्टीवरचं नाव वाचायची वेळ सहसा कुणावर येत नाही. औषधवाला दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीनं कापून देतो. नाव छापलेला तुकडा दुकानात राहतो आणि घरी येतात त्या बिननावाच्या चार गोळ्या. ताप उतरतो, गुडघा चालायला लागतो आणि उरलेली गोळी फ्रिजवरच्या पिशवीत जाते. लेखिकेनं हे पुस्तक त्वचेवर येणाऱ्या फोडांविषयी लिहिलं आहे. मी मात्र म्हणेन की ते त्या पिशवीविषयी आहे.

फोड म्हटलं की आपल्याकडे कारणं तयारच असतात. उष्णता झाली, नागीण उठली, कांजिण्या आल्या, पावसाळ्यात दिव्यावर येणारा किडा मानेवरून फिरला. यातली बरीच खरीही असतात. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू, वर्षानुवर्षं मज्जातंतूत दबा धरून बसलेला. ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं उठते आणि दोन-चार आठवड्यांत सुकते. किड्याचा चट्टा त्याआधीच जातो. पण महिना उलटला तरी नवे फोड येतच राहिले, दोन्ही बाजूंना आले, किंवा तोंडात सुरू होऊन अंगावर उतरले, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटली असण्याची शक्यता असते. आणि तिला बिथरवणारी गोष्ट कधीकधी त्या पिशवीत सापडते.

हे कसं घडतं ते कोकणातल्या माणसाला चिऱ्याच्या भिंतीवरून सांगता येतं. कातडीचा वरचा थर म्हणजे एकावर एक रचलेल्या पेशी, आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारा चुना म्हणजे डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं. शरीर या चुन्याविरुद्धच प्रतिपिंडं बनवू लागलं की चिरे सुटे होतात. हा पेम्फिगस. फोड वरच्या वर तयार होतो, म्हणून त्याचं पांघरूण पातळ आणि लुळं. अंघोळ करताना टॉवेल लागला तरी फुटतो आणि खाली ओली लाल जखम उरते. दुसऱ्या प्रकारात भिंत शाबूत असते, पण ती जोत्यावरून उचकटते. कातडीला खालच्या थराशी बांधणाऱ्या बीपी १८० आणि बीपी २३० या प्रथिनांवर हल्ला झालेला असतो. हा पेम्फिगॉइड. याचा फोड खोलवरून येतो, म्हणून टणक, ताणलेला, न फुटता दिवस काढणारा. फोड लुळा की टणक एवढं बोटानं पाहिलं तरी अर्धी दिशा कळते. वॉल्टर लेव्हर यांनी १९५३ साली हे दोन आजार वेगळे करून दाखवेपर्यंत डॉक्टरही दोघांना एकाच नावानं ओळखत होते. प्रतिपिंडं प्रत्यक्ष दिसली ती १९६४ मध्ये, बॉयटनर आणि जॉर्डन यांना.

युरोपात पेम्फिगॉइड जास्त आढळतो, आपल्याकडे पेम्फिगस. तोही तिकडच्यापेक्षा तरुण वयात, ऐन कमावत्या माणसाला. दोन्ही आजार तसे विरळा आहेत आणि औषधामुळे होणारे तर त्याहून विरळा. मग त्यांच्यासाठी अख्खं पुस्तक कशाला? एक तर हे आजार उशिरा ओळखले गेले तर जिवावर बेततात. स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. दुसरं म्हणजे औषधानं आलेला आजार ओळखण्याची किल्ली दवाखान्यापेक्षा घरातच जास्त असते.

पेम्फिगस बहुतेकदा तोंडातून सुरू होतो. गालाच्या आतून, टाळ्याला, हिरड्यांना सोललेल्या जखमा होतात. घरात त्याला ‘तोंड आलंय’ म्हणतात आणि बी कॉम्प्लेक्स सुरू होतं. कालवण झोंबतं म्हणून मिरची कमी होते, मग कालवणच बंद होतं, मग सोलकढीचा आंबटपणाही सोसत नाही आणि माणूस भाताच्या पेजेवर येतो. दातांचा डॉक्टर हिरड्या साफ करून देतो. वजन उतरायला लागतं. अंगावर पहिला फोड दिसेपर्यंत अनेकांचे महिने असेच जातात. तोंड दोन-तीन आठवड्यांत बरं झालं नाही तर कातडीच्या डॉक्टरकडे जावं, हे लेखिकेनं ठळक अक्षरांत छापलं आहे, ते योग्यच. तोंडाच्या तक्रारीसाठी कातडीचा डॉक्टर कुणाच्या डोक्यात येत नाही.

पेम्फिगॉइडची तऱ्हा वेगळी. तो साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गाठतो आणि आधी नुसती खाज देतो. आठवडे, कधी महिने. खरजेची मलमं होतात, खोबरेल तेल होतं, सुनेनं कपड्यांचा साबण बदलून पाहिलेला असतो. नंतर मांड्यांवर, पोटावर, दंडाच्या आतल्या बाजूला टणक फोड उठतात. अशा वेळी दवाखान्यात होणारा संवाद ठरलेला असतो.

“आजोबा, नवीन काही गोळी सुरू केली होती का?”

“नाय ओ. साखरेची आणि प्रेशरची. जुनीच आहे.”

इथे चौकशी थांबली की निदान हुकलं. साखरेची गोळी दहा वर्षं चालू असते हे खरं, पण दहा वर्षं तीच गोळी असते असं नाही. मध्यंतरी कधीतरी डॉक्टरांनी नुसतं मेटफॉर्मिन काढून मेटफॉर्मिन आणि ग्लिप्टिन एकत्र असलेली गोळी लिहून दिलेली असते. रंग बदलला, आकार बदलला, काम तेच राहिलं. आजोबांच्या लेखी ती जुनीच. ग्लिप्टिन गटातली औषधं, त्यातही व्हिल्डाग्लिप्टिन, पेम्फिगॉइडशी जोडली गेली आहेत. फिनलंडमध्ये मधुमेहींच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात व्हिल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांत या आजाराचा धोका सुमारे दहापट दिसला. जपानमधूनही अशा रुग्णांचे बरेच अहवाल आले. असं का होतं याबद्दल तर्क आहेत, पक्का उलगडा अजून झालेला नाही.

हा विषय आपल्याकडे तातडीचा झाला तो पेटंटमुळे. व्हिल्डाग्लिप्टिनचं भारतातलं पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपलं आणि पाठोपाठ अनेक कंपन्यांच्या गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत बाजारात आल्या. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं. टेनेलिग्लिप्टिन तर आधीपासूनच स्वस्त होतं. महिन्याचं औषध परवडू लागलं ही चांगली गोष्ट आहे, आणि ग्लिप्टिननं साखर एकदम खाली जात नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला ते देणंही सयुक्तिक आहे. पण जे औषध आधी शहरातल्या थोड्यांच्या घरात होतं ते आता रोह्यात, म्हसळ्यात, बोर्लीत पोहोचलं आहे. दहापट हा आकडा घाबरवणारा वाटतो, पण मुळातली संख्या फार लहान असल्यामुळे दहापट होऊनही ती लहानच राहते. साखर मोकाट सुटून पाय कापावा लागण्याची भीती त्याहून कितीतरी मोठी आहे. तेव्हा गोळी बदलायची ती डॉक्टरनं, दुसरी देऊन.

काळाचा हिशेब इथे सगळ्यांत जास्त फसवतो. अन्नातून बाधा झाली तर त्याच रात्री कळते, इंजेक्शनची रिअॅक्शन मिनिटांत येते. त्यामुळे औषधाचा त्रास लगेच होतो अशीच आपली समजूत. ग्लिप्टिननंतरचा पेम्फिगॉइड सहा महिन्यांनी येतो, वर्षानं येतो, त्याहून उशिराही येतो. तोवर गोळीचा आणि फोडांचा संबंध कुणाच्या मनातही राहिलेला नसतो. पेम्फिगसचंही तसंच. पेनिसिलामिन या औषधामुळे पेम्फिगस होतो हे १९६९ मध्ये फ्रान्समध्ये लक्षात आलं. त्यात गंधकाचा जो गट आहे तसाच कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीतही आहे. असं गंधकवालं औषध बंद केल्यावर बऱ्याच रुग्णांचा पेम्फिगस आपोआप मावळतो. दुसऱ्या औषधांच्या बाबतीत तेवढं नशीब नसतं. तिथे औषध फक्त ठिणगी टाकतं. आजार आत कुठेतरी तयार असतो आणि ठिणगी काढून घेतली तरी जळत राहतो. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन या बाबतीत दुहेरी गोंधळ घालतं. ते कधी पेम्फिगस चेतवतं, आणि शिवाय स्टेरॉइड शरीरातून लवकर बाहेर काढत असल्यामुळे चालू उपचारही कमी पडू लागतो.

पिशवीवर संशय येण्याआधी आपल्याकडे संशय येतो ताटावर. कोळीवाड्यातल्या माणसाच्या अंगावर फोड उठले की पहिला हुकूम सुटतो तो मासे बंद. मग वांगं, अंडं, सुका जवळा. मला या पथ्याचा राग आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. ज्याच्या अंगावरच्या जखमांतून रोज प्रथिनं वाहून जात आहेत, त्याचाच बांगडा तोडायचा आणि सहा महिन्यांपूर्वी बदललेली गोळी मात्र वेळेवर गिळायला लावायची! गंमत अशी की ताटातल्या ज्या पदार्थांवर शास्त्रीय लेखांत थोडाफार संशय घेतला गेला आहे ते कांदा-लसणाच्या कुळातले आहेत. त्यांच्यातली गंधकाची संयुगं पेम्फिगस चेतवत असावीत असं इस्रायल आणि इटलीतल्या काही डॉक्टरांनी मांडलं. पुरावा तुटपुंजा आहे. तेवढ्यावरून कुणी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ घराबाहेर काढू नये. तोंड सोललेलं असताना कच्चा कांदा झोंबतो, म्हणून तो टाळावा इतकंच.

आता जे सांगायचं आहे त्यात सबुरीला जागा नाही. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि त्याचंच उग्र रूप असलेला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस हे वरच्या आजारांचे भाऊबंद वाटतात, पण त्यांची जात निराळी. यांत प्रतिपिंडांपेक्षा पांढऱ्या पेशीच कातडीच्या पेशींना मारतात आणि कातडी भाजल्यासारखी चादरीनं सुटते. औषध पहिल्यांदा सुरू केल्यावर चार दिवसांपासून आठ आठवड्यांपर्यंतचा काळ धोक्याचा. आधी ताप, डोळे लाल, घसा दुखतो, ओठ सुजतात, मग अंगावर दुखरे काळपट-लाल डाग. अंगाचा एक दशांशापेक्षा कमी भाग सुटला तर पहिलं नाव आणि तीन दशांशांहून जास्त सुटला तर दुसरं. दुसऱ्या प्रकारात साधारण तिघांतला एक दगावतो. नेहमीचे आरोपी म्हणजे फिटसाठीची कार्बामाझेपिन, फेनिटोइन आणि लॅमोट्रिजिन, सल्फाची औषधं, युरिक अॅसिडसाठीचं अॅलोप्युरिनॉल.

अॅलोप्युरिनॉलचं मला विशेष वाईट वाटतं. गावात तपासणी शिबिर होतं, रक्ताच्या कागदावर युरिक अॅसिडचा आकडा जाड ठशात येतो, आणि ज्याचा अंगठा आयुष्यात कधी सुजलेला नाही अशा माणसाला महिनाभराची गोळी मिळते. आकडा थोडा वाढला म्हणून औषध लागतंच असं नाही. कार्बामाझेपिन तर फिटखेरीज चेहऱ्याच्या शिरेच्या कळांसाठीही देतात. या औषधाची बाधा एचएलए-बी*१५:०२ हे जनुक असलेल्यांना होते हे तैवानमध्ये २००४ साली दिसलं. गुजरातमधल्या ८ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात, २००९ मध्ये, ६ जणांत तेच जनुक सापडलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आशियाई वंशाच्या रुग्णांत गोळी सुरू करण्यापूर्वी ही तपासणी सुचवली आहे. किनाऱ्यावरच्या दवाखान्यात ती सहज होणारी नाही. तेव्हा पहिले दोन महिने डोळे, ओठ आणि ताप यांच्याकडे लक्ष ठेवणं हीच इथली तपासणी.

असा रुग्ण जुलै महिन्यात निघाला तर त्याचा निम्मा आजार प्रवासात वाढतो. मांडव्याच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. रो-रो बोट २०२० मध्ये आली, पण समुद्र खवळला की तिचाही भरवसा नाही. उरतो तो वडखळ-पेणवरून पनवेलचा रस्ता. दक्षिणेकडच्या गावांना आधी माणगाव किंवा महाड गाठावं लागतं. लेखिकेनं या रस्त्यावर पूर्ण प्रकरण दिलं आहे, आणि मला ते पुस्तकातलं सर्वांत उपयोगी वाटतं. निघण्यापूर्वी संशयित गोळी थांबवायची. फोड फोडायचे नाहीत. मलम, हळद, चुना काही लावायचं नाही. स्वच्छ जुन्या सुती धोतरात रुग्णाला गुंडाळायचं, आणि पिशवी, म्हणजे ती फ्रिजवरची पिशवी, जशीच्या तशी सोबत घ्यायची.

उपचारांच्या प्रकरणात केळीचं पान आलं आहे आणि ते पाहून काही वाचक हे घरगुती औषधाचं पुस्तक आहे असं समजतील. तसं नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग रीतसर तपासून पाहिलं आणि २००३ मध्ये ते निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याआधी भायखळ्याच्या मसिना रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी बटाट्याच्या सालींची पट्टी बनवली होती. तिच्याशी तुलना केली तेव्हा पान गुणाला बरोबरीचं आणि कितीतरी स्वस्त ठरलं. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही. ज्यानं पेम्फिगसच्या रुग्णाची पाठ चिकटलेल्या चादरीपासून सोडवताना पाहिली आहे त्याला या एका गुणाची किंमत सांगावी लागत नाही. कातडीच्या वॉर्डांतही म्हणूनच पान वापरलं जातं. मात्र ते निर्जंतुक केलेलं असतं. मागच्या वाडीतून तोडून, विहिरीच्या पाण्यानं धुऊन अंथरलेलं पान म्हणजे तो उपचार नव्हे.

मूळ औषधांबद्दल थोडक्यात. पेम्फिगसवर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात पल्स पद्धत रुजवली. दर २८ दिवसांनी तीन दिवस शिरेतून १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन आणि त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड. देशभर हजारो रुग्ण त्यावर सुधारले. आता रिटुक्सिमॅब आलं आहे आणि त्याचं देशी रूप २००७ पासून मिळतं. पेम्फिगॉइडला पुष्कळदा तीव्र स्टेरॉइडचं मलमच पुरतं. या सगळ्याला सुरुंग लावणारी गोष्ट म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या बारीक गोळ्या. त्यांनी फोड आठवडाभर दबतात, साखर भडकते, आणि नंतर कातडीचा तुकडा काढून तपासला तरी चित्र धूसर येतं.

तुकड्याची तपासणीच निदान पक्कं करते. फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा डाळीएवढा तुकडा काढून त्यातली प्रतिपिंडं चमकत्या रंगानं पाहतात. ही सोय मोठ्या शहरांतच आहे. पण तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवून चोवीस तासांत पोहोचवला तरी चालतो. म्हणजे अलिबाग-मुरूडचा रुग्ण जागेवर राहून त्याची बाटली सकाळच्या एसटीनं मुंबईला जाऊ शकते. किती दवाखाने हे करतात? करता येतं हे ठाऊक नसल्यामुळे रुग्णालाच पाठवलं जातं, आणि घरचे भाडं जमेपर्यंत थांबतात.

लहान गावातून मोठं निरीक्षण होत नाही असं कुणी म्हणालं तर याच जिल्ह्यातलं बिरवाडी दाखवावं. महाडजवळच्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात रुजू झाले. लाल विंचू चावून मुलं मरत होती. त्यांनी एकेका रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, वेळ सगळं लिहून ठेवलं. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर चालते हे त्यांनी दाखवलं. त्यांच्याकडे होती ती वही आणि घड्याळ. औषधाच्या दुष्परिणामाला याहून जास्त काही लागत नाही: कोणती गोळी, कोणत्या तारखेला सुरू, पहिला फोड कधी. भारताचा औषध-सतर्कता कार्यक्रम २०१० पासून अशा नोंदी गोळा करतो. फक्त डॉक्टरांनीच नव्हे, रुग्णानं किंवा त्याच्या मुलीनंही नोंद पाठवली तर चालते. त्यासाठी मराठीतला अर्ज आहे आणि १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. जिल्ह्यात पाताळगंगा, रोहा, महाड, तळोजा इथे औषधं आणि त्यांचा कच्चा माल बनतो. तीच औषधं खाणाऱ्यांकडून मात्र कागद फारसे परत जात नाहीत.

लेखिकेशी माझा एका बाबतीत मतभेद झाला तो इथे सांगून टाकतो. पुस्तकाच्या शेवटी तिनं संशयित औषधांची लांब यादी दिली आहे. माझं म्हणणं होतं की यादी नको. फिटची गोळी खाणारी बाई त्या यादीत आपल्या औषधाचं नाव पाहील, रात्री गोळी टाकून देईल आणि दोन दिवसांनी तिला लागोपाठ फिट येतील. लेखिकेचं म्हणणं असं की नावं लपवायची तर मग कात्रीनं पट्टी कापणाऱ्या दुकानदारात आणि आपल्यात फरक काय राहिला? तिचं मी मान्य केलं, पण पूर्ण समाधान झालेलं नाही. शेवटी यादीच्या प्रत्येक पानावर, वर आणि खाली, अंगावर काही नसताना गोळी बंद करू नये ही ओळ छापायची असं ठरलं. यादी पान ९४ पासून आहे. तिकडे जाण्याआधी रस्त्याचं प्रकरण वाचावं, आणि त्याहीआधी फ्रिजवरची पिशवी खाली काढून त्यातल्या गोळ्यांची नावं वहीत उतरवावीत. ज्यांची नावं कापली गेली आहेत त्यांच्यासाठी दुकानात जावं लागेल.